परराष्ट्र धोरण शिकायचंय? मुंबईतून सुरुवात अशी करा

डिसेंबर २०२३. बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या क्लिअरिंगच्या ऑफिसात मी बिल ऑफ लेडिंगचे (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचे) ड्राफ्ट तपासत होतो आणि भिवंडीचा एक कापडवाला फोनवर आवाज चढवून विचारत होता, "माल रॉटरडॅमला दोन आठवडे उशिरा का पोचणार? फ्रेट एवढं कसं वाढलं?" शिपिंग लाइनची मेल समोरच होती. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले चालू आहेत, म्हणून जहाज सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणार. मी ती वाचून दाखवली. पलीकडून पुढचा प्रश्न आला, "मग आपली नेव्ही काय करतेय?"

मी गप्प. त्याच महिन्यात केम प्लुटो नावाच्या टँकरवर गुजरात किनाऱ्यापासून दूर समुद्रात ड्रोन आदळला होता आणि २५ डिसेंबरला ते जहाज मुंबईबाहेर येऊन नांगर टाकून उभं होतं. म्हणजे प्रकरण पार आपल्या उंबऱ्याशी आलेलं, आणि वीस वर्षं बंदराच्या धंद्यात असून मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रात्री टीव्ही लावला. चार जण ओरडत होते. अकरा वाजता बंद केला.

त्यानंतर दीडेक वर्ष मी चाचपडत वाचलं. चुकीची पुस्तकं घेतली, एका महागड्या वीकेंड कोर्सला पैसे घातले (तिथे दोन दिवस स्लाइडवर बाण आणि वर्तुळं पाहिली, बाकी काही नाही), भलत्या टोकाला सुरुवात केली. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय. हा लेख यूपीएससीवाल्यांसाठी नाही, त्यांच्याकडे नोट्स आहेत. ज्यांना नोकरी सांभाळून, लोकलमध्ये उभ्याने वाचत, आपला देश जगात नेमकं काय करू पाहतोय हे समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी आहे.

आधी सामान गोळा करा

- हिंदी महासागराचा मोठा नकाशा. शाळेतला जगाचा नकाशा चालणार नाही, त्यात आपला समुद्र तळहाताएवढा असतो. आफ्रिकेच्या टोकापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचा हवा, भिंतीवर लावता येईल असा.
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच.
- केंद्रीय अर्थसंकल्पातली संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान-मागण्यांची, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमांची, पानं. सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात.
- परराष्ट्र मंत्रालयाचा वार्षिक अहवाल. तोही फुकट.
- ग्रंथालयाच्या सभासदत्वासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो. फी आणि नियम ठिकाणागणिक वेगळे, आधी फोन करून विचारा.
- आठवड्यातले दोन तास. रविवारी सकाळी मटण आणायला जाण्याआधीचे उत्तम.

१. वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा

आपण जे शिकायला निघालोय त्याला इंग्रजीत ग्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात, मराठीत कुणी महारणनीती म्हणतं, कुणी व्यापक व्यूहनीती. शब्दाला घाबरू नका. युद्ध कसं लढायचं हा सेनापतीचा प्रश्न. कशासाठी लढायचं, लढायचं की नाही, आणि न लढता तेच मिळत असेल तर पैसा, व्यापार, मैत्री, माणसं यातलं काय कुठे लावायचं, हा महारणनीतीचा प्रश्न. वहीत एवढंच लिहा:

काय हवंय? हातात काय आहे? त्यासाठी काय सोडायला तयार आहोत?

तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात. पहिल्या दोघांवर चॅनेलं रात्रभर चालतात, तिसऱ्यावर कुणी एक मिनिट देत नाही. मी तर आता कुठलाही अग्रलेख वाचताना तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का तेवढंच आधी बघतो.

आता पहिली अडचण. अमेरिकेत १९८६च्या एका कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय सुरक्षा रणनीती संसदेपुढे ठेवावी लागते. आपल्याकडे असा एकत्रित, जाहीर दस्तऐवज सरकारने आजवर काढलेला नाही. राज्यघटनेतलं ५१वं कलम आंतरराष्ट्रीय शांततेबद्दल बोलतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व. तेव्हा "भारताला काय हवंय" हे एका पुस्तकात बांधून मिळेल ही आशा सोडा. आमच्या धंद्यात पार्टी तोंडाने काय सांगते याला किंमत नसते, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट काय म्हणते ते बघतात. इथेही तसंच. पैसा कुठे जातो, जहाजं कुठे उभी राहतात, मत कुठे पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच आहेत.

२. नकाशावर बोट ठेवा, टीव्हीवर नको

नकाशा भिंतीवर लावला की मुंबईवर पेन्सिल टेकवा आणि सरळ पश्चिमेला रेघ ओढा. ती ओमानच्या किनाऱ्याला लागते, दुक्म बंदराच्या जवळपास. अंतर साधारण १,६०० किलोमीटर. आता तेवढंच अंतर पूर्वेला मोजा. कोलकाता. म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून शेंगदाणे खाणाऱ्या माणसाला कोलकाता जेवढं दूर, तेवढंच ओमान. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पट्टी घेऊन पुन्हा मोजलं होतं. २०१८मध्ये भारतीय नौदलाला दुक्ममध्ये सोयी वापरण्याची मुभा मिळाली, ती बातमी त्या वेळी मी वाचलीही नव्हती. नकाशावर ती जागा पाहिली की तिचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग समुद्रातल्या तीन चिंचोळ्या वाटांना गोल करा: होर्मुझ (इराणच्या आखाताचं तोंड), बाब-अल-मंदेब (तांबड्या समुद्राचं दक्षिण टोक), मलाक्का (मलेशिया आणि सुमात्रा यांच्या मधली). होर्मुझ सगळ्यात अरुंद जागी ३३ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली एवढंच. आपण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणतो आणि त्यातलं बरंचसं या फटीतून येतं. १९७४मध्ये सागर सम्राट या तेलविहीर खणणाऱ्या जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल शोधलं म्हणून आपण सुटलो, असं माझ्या वडिलांच्या पिढीला वाटायचं. सुटलो नाही, थोडा श्वास मिळाला.

चौथा गोल इराणच्या चाबहारला. मे २०२४मध्ये भारताने तिथलं टर्मिनल चालवण्याचा दहा वर्षांचा करार केला. का, ते नकाशालाच विचारा: पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान आणि मध्य आशियाकडे जायला दुसरं दार कुठे दिसतं? आणि लगेच तिसरा प्रश्न लावा. अमेरिकेचे इराणवर निर्बंध असताना हा करार करणं म्हणजे काय पणाला लावणं?

सापळा: नकाशा सगळं सांगतो असं वाटू लागतं. नाही सांगत. सुएझ कालवा १८६९मध्ये उघडला आणि त्याच मुंबईचं युरोपपासूनचं अंतर रातोरात घटलं. जमीन तीच, समुद्र तोच. त्याआधी १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडकला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि १८६५मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला. गेटिसबर्गची लढाई आणि फोर्टातल्या दलालाचं दिवाळं यांच्यातला धागा नकाशावर दिसत नाही, तो हिशेबाच्या वहीत दिसतो.

३. अर्थसंकल्पातली दोन पानं वाचा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात उपयोगाची आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये. परराष्ट्र मंत्रालयाला सुमारे २०,५०० कोटी. भागाकार करा: संरक्षणावर ठेवलेल्या दर शंभर रुपयांमागे मुत्सद्देगिरीला तीन. आता संरक्षणाचा आकडा फोडा. त्यातले १.६ लाख कोटींहून थोडे जास्त पेन्शनला, सुमारे १.८ लाख कोटी नवी जहाजं, विमानं, तोफा अशा भांडवली खर्चाला. म्हणजे हेडलाइनमधला आकडा आणि खरेदीला उरणारा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक.

अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण म्हणतो. राष्ट्रांच्या बाबतीत घोळ असा की पाय पसरायची वेळ शेजारी ठरवतो. म्हणून नुसते आकडे पाहून "कमी" किंवा "जास्त" म्हणू नका, कशासाठी कमी ते म्हणा.

पैशाचा आणि ताकदीचा संबंध कळायला १९९१ पुरेसं आहे. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढंच परकीय चलन उरलं होतं. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं मुंबईच्या विमानतळावरून लंडनला, बँक ऑफ इंग्लंडकडे, तारण म्हणून पाठवलं. सोनं रिझर्व्ह बँकेच्या शहीद भगतसिंग मार्गावरून निघालं, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. पुढे दिल्लीने जगाशी जे संबंध जुळवले त्यांचा विचार करताना मला आधी ते सोनं आठवतं, मग भाषणं.

४. सरकारी भाषा वाचायला शिका

इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त घसरतो. दोन देशांचं संयुक्त निवेदन हे लग्नातल्या याद्यांसारखं असतं. प्रत्येक शब्दावर रात्रभर घासाघीस झालेली असते, आणि जे लिहिलेलं नाही ते बहुतेक वेळा मुद्दाम लिहिलेलं नसतं. "मोकळेपणाने चर्चा झाली" म्हणजे खडाजंगी झाली. "विचारांची देवाणघेवाण" म्हणजे काही ठरलं नाही.

सराव असा करा. बऱ्याच भेटींनंतर दोन्ही देश आपापली वेगळी पत्रकं काढतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एकाने सीमेचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात केला आणि दुसऱ्याने शेवटून दुसऱ्यात, तर भांडण नेमकं कुठे आहे ते कळलं. भारत-चीन भेटींवर हे करून पाहा, अर्ध्या तासात हात बसतो.

मतदानाचंही तेच. २ मार्च २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या ठरावाला १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत तटस्थांत. त्यावरून "भारत रशियाच्या बाजूने" किंवा "भारत कुणाच्याच बाजूने नाही" अशी दोन्ही वाक्यं मी त्या आठवड्यात ऐकली. दोन्ही बोलणाऱ्यांनी मतानंतर भारताने दिलेलं स्पष्टीकरण वाचलेलं नव्हतं. मत हा एक शब्द असतो, स्पष्टीकरणात वाक्य असतं. ते वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा मी स्वतःला नियम घातलाय. पाळतो असं नाही.

पहिला दस्तऐवज कुठला घ्यावा? माझा सल्ला: ४ जानेवारी २००३चं अण्वस्त्र धोरणावरचं सरकारी निवेदन. ते जेमतेम पानभर आहे. "प्रथम वापर नाही" एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पूर्ण वाचा, मग दिसेल की जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय त्यात राखून ठेवलाय. अख्खं धोरण कधीकधी अशा एका अपवादाच्या वाक्यात बसलेलं असतं. वाचून झालं की अटल सेतूवरून एकदा जा. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला एका टप्प्यात पलीकडचं दिसू नये म्हणून आडोसे लावलेत. १९५६मध्ये अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी तिथेच सुरू झाली.

सापळा: चाणक्याच्या नावाने फिरणारी सुविचारांची चित्रं. कौटिल्याचं षाड्गुण्य, म्हणजे संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन, यान (चाल करून जाणं), संश्रय (बलवानाचा आसरा) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध), शिकण्यासारखं आहेच. "आसन", म्हणजे गप्प बसून राहणं हेही धोरण असतं, ही कल्पना मला त्यातूनच मिळाली. पण व्हॉट्सअॅपवरचा चाणक्य आणि कौटिल्य यांची ओळखसुद्धा नाही.

५. आपला इतिहास घ्या, पण छाती न फुगवता

मराठी माणसाला एक फायदा आहे. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नका हेही. शाळेत आपण एवढ्यावर थांबतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. खरा धडा चाळीस वर्षांनंतरचा आहे.

१७५६, विजयदुर्ग. कोकणातल्या मराठा आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं, किनाऱ्यावर सैन्यासह उतरलेला क्लाइव्ह. किल्ला पडला आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं.

आता तीन प्रश्न लावा. पेशव्यांना काय हवं होतं? उद्दाम सरदाराला वठणीवर आणणं. हातात काय होतं? मोठी फौज, पण समुद्रावर आंग्र्यांना पुरं पडेल असं काही नाही, म्हणून उसनं घेतलं. काय सोडलं? समुद्र. आम्ही काही जण मिळून वाचतो (त्याबद्दल सातव्या पायरीत), त्या गटात यावर दोन रविवार भांडण झालं. एक निवृत्त बँकवाले काका म्हणाले, तुळाजींनी स्वतः कुणाशी धड ठेवलं होतं? पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा त्रास होताच, पेशव्यांनी करायचं काय? बरोबर आहे. त्या दिवशीच्या पेशव्यांना दिसत होतं ते आपल्याला दिसत नाही. माझं मत तरी असं की घरातलं भांडण मिटवायला बाहेरच्याला घरात घेतलं की तो भांडण मिटल्यावर जात नाही. काकांना ते अजून पटलेलं नाही, आणि मला त्यांचं उत्तर पूर्णपणे खोडता आलेलं नाही.

दुसरा सराव १९६२चा. "हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला" हे वाक्य आपल्याला पाठ असतं. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री झाले हेही. पण धावून गेल्यावर काय केलं? १९६४ ते ६९चा संरक्षण आराखडा शोधा: सव्वाआठ लाखांचं लष्कर, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल. डोंगरात हरलो होतो, भर डोंगरावर पडला. अशा वेळी समुद्राचं काय होतं, हा प्रश्न वहीत टाकून ठेवा.

६. मुंबईत कुठे जायचं

दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मराठी पुस्तकांसाठी. फोर्टातली एशियाटिक सोसायटी इंग्रजी आणि जुन्या संदर्भांसाठी. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढताना गुडघे बोलतात, पण वरची शांतता त्या किमतीची आहे. कलिना संकुलात मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राजकारण विभाग आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, विद्यार्थी नसाल तर प्रवेशाचे नियम आधी विचारा. गेटवे हाऊस ही परराष्ट्र धोरणावर काम करणारी संस्था मुंबईतलीच, तिचे लेख घरबसल्या वाचता येतात. दिल्लीत बसलेल्यांपेक्षा इथल्यांचं लक्ष व्यापाराकडे जास्त असतं, आणि ते मला मानवतं.

आणि एकदा थळच्या किनाऱ्यावर उभे राहून खांदेरी बघा. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी ते बेट बांधायला घेतलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप का उडाली हे तिथून मुंबईच्या दिशेने पाहिलं की समजतं.

सापळा: नौदल गोदी, लायन गेट या परिसरात फोटो काढू नका. "अभ्यासासाठी" हे उत्तर पहारेकऱ्याला ऐकायचं नसतं.

७. चार माणसं जमवा

एकट्याने वाचलं की स्वतःचंच मत पक्कं होत जातं. आम्ही सहा जण आहोत, महिन्यातून दोनदा भेटतो. नियम दोन. पक्षांची नावं घ्यायची नाहीत, कारण एकदा ती आली की चहा संपेपर्यंत बाकी काही होत नाही. आणि प्रत्येकाने दुसऱ्या देशाची बाजू घेऊन बोलायचं. मी एकदा इराण झालो होतो. आमच्यातल्या डोंबिवलीच्या शिक्षिका व्हिएतनाम झाल्या होत्या आणि चीनशी कसं वागायचं यावर त्यांनी जे मांडलं ते ऐकून बँकवाले काकाही गप्प झाले. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं की "ते लोक मूर्ख आहेत" हे वाक्य तोंडातून निघत नाही, आणि तेच वाक्य या विषयात सगळ्यात जास्त नुकसान करतं.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक अंदाज लिहायचा, तारखेसह: पुढच्या सहा महिन्यांत अमुक करार होईल, तमुक होणार नाही. सहा महिन्यांनी उघडायचा. माझे दहापैकी सात चुकले. पेन्सिल सांगितली ती अंदाज खोडण्यासाठी नाही हं. नकाशावरचे जहाजांचे मार्ग मात्र वारंवार पुसून नव्याने काढावे लागतात. माझ्या भिंतीवर आफ्रिकेच्या टोकाजवळचा कागद आता पुसून पुसून झिजलाय, नवा नकाशा घ्यायला हवा.